शरद ऋतूतील आहार आणि मंद आच

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस व्यापारविषयक लेख लिहिण्याची आज्ञा केली. धान्याच्या घाऊक व्यापारात आमची चाळीसहून अधिक वर्षे गेली. तेव्हा भाव, आवक, अडत, वाहतूक यांविषयी चार शब्द आम्ही लिहू, अशी मंडळाची अपेक्षा असावी. परंतु आम्ही लेखणी हाती घेतली आणि मन वारंवार दुकानातून निघून स्वयंपाकघराकडे जाऊ लागले. आम्ही जे पोत्यात भरतो ते अखेरीस कोणाच्या तरी पातेल्यात शिजते. व्यापाराची वाट तेथे संपते. त्या शेवटच्या टप्प्याविषयी आपल्या बंधुभगिनींशी बोलावे, असे वाटल्यावरून प्रस्तुत विषय घेतला आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. बाजारात जे पाहिले, जाणत्यांकडून जे ऐकले आणि स्वतःच्या देहावर जे अनुभवले, तेवढेच येथे मांडीत आहोत.

ऋतू आणि पित्त

आश्विन व कार्तिक हे दोन मास मिळून शरद ऋतू होतो. आयुर्वेदात चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्येचे विवेचन आहे. त्याचा सारांश असा की, वर्षा ऋतूत शरीरात पित्ताचा संचय होतो आणि पावसाळी गारव्यास सरावलेल्या देहावर शरदाचे प्रखर ऊन एकाएकी पडू लागले म्हणजे त्या साठलेल्या पित्ताचा प्रकोप होतो. यास्तव या ऋतूत गोड, कडसर, हलके व थंड गुणाचे अन्न घ्यावे; भात, गहू, जव, मूग, पडवळ, आवळा व तूप यांचे सेवन करावे; दही, तेलकट व क्षारयुक्त पदार्थ आणि दिवसाची झोप टाळावी, असे सांगितले आहे. त्या यादीत मधही आहे. तो आपणांस वर्ज्य असल्याने सोडून द्यावा. वर सांगितलेले बाकीचे पदार्थ आपल्या चौक्यास सर्वथा मानवणारे आहेत.

आजचे डॉक्टर पित्तप्रकोप हा शब्द वापरीत नाहीत. परंतु तळलेले व तिखट पदार्थ, घाईने एकदम खाल्लेले भरपूर अन्न आणि जेवणानंतर लगेच आडवे होणे यांनी अनेकांच्या छातीत जळजळ वाढते, हे तेही सांगतात. जुने शास्त्र व नवे शास्त्र यांची भाषा निराळी असली, तरी आपल्या ताटापुरते दोघांचे म्हणणे येथे जुळते.

आपला धर्माचारही याच दिशेने बोट दाखवितो. चातुर्मासात पुष्कळ घरी पालेभाज्या बंद असतात, कारण पावसाळ्यात पानापानांत जीवजंतू फार. कच्च्या दह्याबरोबर डाळीचा पदार्थ आपण द्विदल म्हणून घेत नाही. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच व हिवाळ्यात सात दिवस अशी आपल्या वाडवडिलांनी पाळली. हे नियम अहिंसेसाठी आहेत, प्रकृतीसाठी नव्हेत, हे आम्ही जाणतो. तथापि दमट हवेत पीठ लवकर खराब होते, हे आमच्यासारख्या धान्यवाल्यास पुस्तकात वाचावे लागत नाही. नियम पाळणाऱ्या घरात ताजे पीठ खाल्ले जाते, हा त्याचा सहज लाभ होय.

या ऋतूत बाजारात काय येते

आता आमच्या धंद्यातील गोष्ट सांगतो. मुगाचे पीक साधारण पासष्ट ते पंचाहत्तर दिवसांचे. मृगाच्या पावसावर जूनमध्ये पेरलेला मूग ऑगस्टअखेर व सप्टेंबरमध्ये गदग, धारवाड या भागांतून बाजारात उतरू लागतो. उडीदही त्याच सुमारास येतो. तूर मात्र डिसेंबर-जानेवारीत यायची. म्हणजे आश्विनात जी तूरडाळ आपण विकतो व खातो, ती बहुधा मागील हंगामाची, आठ-दहा महिन्यांची असते. उष्ण व दमट हवेत फार दिवस साठविलेली कडधान्ये कठीण होतात व शिजण्यास अधिक वेळ घेतात. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिची प्रत उत्तम, यात शंका नाही. परंतु उत्तम तुरीलाही वयाचा नियम चुकत नाही. शरदात मूग नवा व तूर जुनी. वैद्य म्हणतात मूग खा, आणि बाजारही तेच म्हणतो.

ज्वारीचे याच्या उलट आहे. आमच्याकडे आवडीने खाल्ली जाणारी मालदांडी ज्वारी रब्बीची. तिची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात व काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. शरदात ती सहा-आठ महिन्यांची मुरलेली असते आणि नीट वाळवून ठेवली असल्यास भाकरीस काही उणे पडत नाही. खानापूर-बेळगाव पट्ट्यातील भात ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरात निघतो. नवा तांदूळ चिकट होतो, त्यास पाणी कमी लागते; जुना मोकळा होतो व पाणी अधिक पितो. नव्या तांदळाची पेज वा मऊ भात करावा, मोकळ्या भातास जुना तांदूळ घ्यावा. गृहिणींकडून ‘यंदाचा तांदूळ बिघडला’ अशी जी तक्रार दिवाळीनंतर आमच्याकडे येते, तीत दहापैकी आठ वेळा दोष तांदळाचा नसून पाण्याच्या मापाचा असतो.

राळे, ज्यास आपले कानडी बांधव नवणे म्हणतात, तेही याच सुमारास येते. आमच्या लहानपणी राळ्याचा भात नित्याचा होता. पुढे तो गरिबीचे लक्षण ठरून मागे पडला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून तेच राळे सुबक पुड्यांत, चांगल्या भावाने विकले जाऊ लागले. आपल्या आजीने जे फुकटच्या मोलाने खाऊ घातले, ते आपण आता छापील पिशवीतून आणतो, एवढाच फरक.

भाज्यांत पडवळ, दोडका, दुधी, तोंडली, भेंडी, गवार, तांबडा भोपळा व कोहळा ही या दिवसांची खरी संपत्ती. कंदमुळे आपणांस चालत नाहीत, म्हणून आपले ताट रिकामे राहते असे ज्यांस वाटते, त्यांनी आश्विनातील भाजीबाजारातून एक फेरी मारून यावी. कार्तिकात आवळा येतो आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर पालेभाज्या पुन्हा घरात शिरतात. दसऱ्यानंतर गुऱ्हाळे सुरू होऊन नव्या गुळाच्या ढेपा येऊ लागतात. निसर्गाने ही पंगत क्रमाने वाढली आहे. आपण तिच्यात बसावे, एवढेच.

मंद आच म्हणजे काय

मंद आचेवरील अन्नाची थोरवी सगळेच गातात. तिचे कारण थोडे समजून घेऊ. पाणी उकळू लागल्यावर त्याचे उष्णतामान त्यापुढे वाढत नाही. समुद्रसपाटीवर ते १०० अंश सेल्सिअसला उकळते. आमचे बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे ते साडेसत्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. पातेले खळखळा उकळो की हळूहळू बुडबुडे सोडो, आतील डाळीस मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच. मोठ्या जाळाने पाणी लवकर आटते, इंधन जाते, डाळ फुटून बुडाशी लागते. शिजण्याचा वेळ मात्र फारसा वाचत नाही. एकदा उकळी आली की जाळ कमी करावा, हा आजीबाईंचा नियम पदार्थविज्ञानास धरून आहे.

प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे उष्णता १२० अंशांपर्यंत जाते व डाळ थोडक्यात शिजते. कुकरची निंदा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आमच्या मातोश्रींचे डोळे चुलीच्या धुराने बारमाही लाल असत. तो धूर परत यावा असे कोणत्याही पुत्राने म्हणू नये. कुकरच्या अन्नात सत्त्व नसते, असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु अख्खा दाणा न फुटता आतपर्यंत मऊ होणे, भाजीचा रस तिच्याच अंगी मुरणे आणि खिरीस दाटपणा येणे, या गोष्टींस वेळच द्यावा लागतो.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आंबट पदार्थ आधी घालू नये. चिंच, आमसूल, टोमॅटो यांमुळे डाळ शिजण्यास अडते. ती मऊ झाल्यावरच आंबट घालावे. दुसरी, गूळही शेवटी घालावा. आधी घातल्यास दाणा पुरता मऊ होत नाही. तिसरी, पाणी जड असेल तर डाळ लवकर शिजत नाही, कारण त्यातील चुना दाण्याच्या सालीस घट्ट करतो. आमच्या जुन्या वाड्यात विहिरीच्या पाण्याने डाळ शिजेना, म्हणून आजी पावसाचे पाणी धरून, गाळून वापरीत असे. काही जण अशा वेळी चिमूटभर सोडा टाकतात. डाळ मऊ होते खरी, परंतु तिच्यातील ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. सोडा टाकण्यापेक्षा अर्धा तास थांबणे बरे.

आचेजवळ उभे कोण राहणार?

हा लेख आम्ही घरी वाचून दाखविला, तेव्हा येथवर आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी आम्हांस थांबविले. त्या म्हणाल्या, “मंद आच, मंद आच असे तुम्ही दोन पाने लिहिलेत. पण त्या आचेजवळ तीन तास उभे कोण राहणार, ते कोठे लिहिले आहे?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या सूनबाई महाविद्यालयात शिकवितात व दुपारी चारला घरी येतात. मंद आचेचे गोडवे गाऊन त्यांच्या वाट्यास अधिक काम लावणे हा धर्म नव्हे.

यावर आमच्या घरी जो उपाय निघाला, तो आपल्या धंद्यातीलच आहे. पूर्वी डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये बंगालमध्ये इकमिक कुकर काढला. त्यात खाली थोडे कोळसे ठेवून वर डब्यांची उतरंड लावीत आणि पुढील काम अन्न आपले आपण करी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये इंधन वाचविण्यासाठी गवताने भरलेली पेटी वापरीत. उकळते पातेले त्या पेटीत ठेवून झाकले की कोंडलेल्या उष्णतेवर अन्न शिजे. आम्ही हीच युक्ती गोणपाट व भाताचे तूस यांनी साधली.

कृती अशी. एक बळकट लाकडी खोके घ्यावे. त्यात तळाशी व चारी बाजूंस भाताचे कोरडे, चाळलेले तूस किमान चार बोटे जाडीचे बसवावे. तूस इकडेतिकडे उडू नये म्हणून ते स्वच्छ, धुऊन वाळविलेल्या गोणपाटाच्या पिशव्यांत भरून शिवावे. वर झाकण्यास तशीच एक जाड गादी करावी. पातेले घट्ट झाकणाचे, जाड बुडाचे व जवळजवळ भरलेले असावे. अर्धे रिकामे पातेले लवकर निवते. पदार्थ प्रथम शेगडीवर दहा-पंधरा मिनिटे चांगला उकळावा, मग झाकण न उघडता पातेले खोक्यात ठेवून गादीने झाकावे. दोन-अडीच तासांत अख्खा मूग पुरता मऊ होतो. बुडाशी लागत नाही, आटत नाही, ढवळावे लागत नाही आणि कोणास उभे राहावे लागत नाही.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना अवश्य पाळाव्यात. अन्न खोक्यात तीन-चार तासांहून अधिक ठेवू नये आणि वाढण्यापूर्वी पुन्हा एकदा खळखळून उकळावे. कोमट अन्नात रोगजंतू फार लवकर वाढतात. दुसरे, राजमा या पेटीत कधीही शिजवू नये. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते, ते जोराच्या उकळीनेच नष्ट होते. मंद उष्णतेने नाही. राजम्यास कुकरच योग्य.

दोन पदार्थ

अख्ख्या मुगाची आमटी. पाव किलो नवा मूग उजेडात नीट निवडून, धुऊन सकाळी आठ वाजता भिजत घालावा. दुपारी एक वाजता पाणी बदलून सव्वा लिटर ताज्या गाळलेल्या पाण्यात, चिमूटभर हळद व चमचाभर तूप घालून दहा मिनिटे उकळावा. त्यातच वाटीभर पडवळाचे किंवा दुधीचे मोठे तुकडे टाकावेत. मग पातेले खोक्यात ठेवावे. चार वाजता काढून पुन्हा उकळी आणावी. मीठ, दोन आमसुले, थोडा गूळ व ओले खोबरे घालावे. तुपात जिरे, हिंग व कढीलिंब यांची फोडणी द्यावी. आल्याऐवजी सुंठ वापरावी. या ऋतूत लाल तिखट निम्मे करून धने-जिऱ्याची पूड वाढवावी. कांदा-लसूण नाही म्हणून ही आमटी बेचव लागते, असे अद्याप आमच्या पंगतीत कोणी म्हटलेले नाही.

खपली गव्हाची खीर. आमच्या सीमाभागात हिला हुग्गी म्हणतात आणि आपल्या लग्नकार्यांत हिचे मोठमोठे हंडे चढतात. सडलेला खपली गहू पाव किलो घेऊन सकाळी सातला भिजत घालावा. दुपारी बाराला दीड लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळून खोक्यात ठेवावा. सव्वातीनला काढून दाणा बोटांत दाबून पाहावा. मध्ये कण लागत असेल तर शेगडीवर मंद आचेने आणखी शिजवावा. पुरता मऊ झाल्यावर पळीने थोडा घोटून मग सव्वादोनशे ग्रॅम गूळ, खोबरे, वेलची व सुंठ घालून दहा मिनिटे शिजू द्यावे. दूध खिरीबरोबर उकळू नये, गुळाने ते फाटते. वाढताना वरून घालावे. खपली पौष्टिक खरा, परंतु गव्हाचाच प्रकार आहे. ज्यांस गहू सोसत नाही त्यांनी तोही घेऊ नये. आणि गूळ ही साखरच आहे, हे मधुमेही सभासदांनी विसरू नये. आमच्या ताटात ही खीर अर्धीच वाटी असते.

दुकान आणि सूर्यास्त

आता ज्या कारणाने हा विषय आमच्या जिव्हाळ्याचा झाला, ते सांगतो. आमच्या गावी सप्टेंबरच्या मध्यास सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरच्या मध्यास सहाच्या सुमारास. म्हणजे बाजारात आवक शिगेस पोहोचते त्याच दिवसांत आपली सायंभोजनाची वेळ अर्धा तास अलीकडे सरकते. पाच वाजता दारात मालमोटारी उभ्या, काट्यावर पोती, शेतकरी पट्टीसाठी थांबलेले. अशा वेळी घरी जाणार कोण? रात्रिभोजनत्याग तर पाळायचा. मग समोरच्या दुकानातून शेव, भजी, चिवडा मागवायचा, पाचदहा घासांत पोट भरायचे, वर चहा घ्यायचा आणि नियम पाळल्याचे समाधान मानायचे. आम्ही सुमारे वीस वर्षे हेच केले. ज्या हातांनी गावास उत्तम मूग पुरविला, त्याच हातांनी आम्ही स्वतः मात्र तळलेल्या पिठावर दिवाळी काढली.

२०१४ च्या आश्विनात एके रात्री आमच्या छातीत असे दुखू लागले की घरच्यांनी आम्हांस तातडीने रुग्णालयात नेले. हृदय ठीक निघाले. दुखणे आम्लपित्ताचे होते. (छातीतील दुखणे पित्ताचेच असेल असे घरी बसून कोणी ठरवू नये, तपासून घ्यावे.) डॉक्टरांनी औषधे दिली आणि विचारले, “संध्याकाळी काय खाता?” आम्ही सांगितले. ते म्हणाले, “धान्याचे व्यापारी ना तुम्ही?” एवढेच. पण तो प्रश्न आम्हांस औषधाहून कडू लागला.

आणखी एक गोष्ट आम्ही येथे कबूल करतो. ती सांगावी की न सांगावी, याचा विचार पुष्कळ केला. २००९ च्या शरदात परतीचा पाऊस लांबला. भिजलेला मूग स्वस्त मिळाला, तो आम्ही चाळीस पोती घेतला. दोन दिवस उन्हात घातला, वरून कोरडा दिसला, आणि कोरड्या मालात मिसळून विकला. दाणा दाताखाली ‘कट’ असा तुटला पाहिजे, चपटा झाला तर ओल आहे; पोत्यात कोपरापर्यंत हात घातला असता आत ऊब लागता कामा नये; कडधान्यात ओल दहा-बारा टक्क्यांहून अधिक नसावी; हे सारे आम्हांस ठाऊक होते. ठाऊक असून केले. दोन महिन्यांनी एक वृद्ध शिक्षक लहानसे गाठोडे घेऊन दुकानी आले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “अण्णा, सूनबाई बाळंत झाली आहे, तिच्यासाठी नेलेला मूग. जरा वास घेऊन बघा.” गाठोडे सोडताच बुरशीचा वास आला.

आम्ही मूग परत घेतला, पैसे दिले, क्षमा मागितली. वहीतून नावे काढून ज्यांस ज्यांस तो माल गेला होता, त्यांस निरोप धाडले. जितका परत आला तितका घेऊन पुरून टाकला. त्या सालचा नफा त्यात गेला. परंतु जो परत आला नाही, तो कोणाच्या तरी पातेल्यात शिजला असणारच. बुरशीमुळे धान्यात उत्पन्न होणारी काही विषे स्वयंपाकाच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. गृहिणीने कितीही निवडावे, धुवावे, कितीही धीराने मंद आचेवर शिजवावे. आम्ही पोत्यात जे पाप भरले, ते तिच्या हाताने निघत नाही. सात्त्विक आहाराचा प्रारंभ काट्यावर होतो, हे आम्हांस त्या गाठोड्याने शिकविले. त्यानंतर दरवर्षी पर्युषणाच्या दिवसांत क्षमा मागताना तो वास आमच्या स्मरणात येतो.

आपल्या संघापुढे एक नम्र सूचना

गेली काही वर्षे आमच्या दुकानी घटस्थापनेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पाच ते पावणेसहा काटा बंद असतो. प्रथम भागीदार कुरकुरले, गिऱ्हाईक शेजारी जाईल असे भय वाटले. एक-दोन गाड्या गेल्याही. पण शेतकऱ्यांस वेळ ठाऊक झाल्यावर तेही त्या बेताने येऊ लागले. काटा थांबला तसे हमाल बांधवही आपल्या भाकऱ्या सोडून निवांत बसू लागले. यापूर्वी त्यांस संध्याकाळी बसलेले आम्ही कधी पाहिलेच नव्हते. घर जवळ असणारे घरी जातात. इतरांसाठी खोक्यातील आमटी व भात दुकानी येतो. अख्खा मूग निवडण्याचे काम आता आमच्या घरी पुरुषांकडे आहे. दाणा पारखण्यात आयुष्य गेले, त्या डोळ्यांस हे काम अवघड नाही. आणि सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तरी आम्ही दिले आहे.

आपल्या संघातील सर्व दुकानांनी आश्विन-कार्तिकात ही पाऊण तासाची सुटी एकमताने पाळली, तर गाडी शेजारी जाण्याचे भयही उरणार नाही. एका दुकानास जे कठीण, ते सर्वांनी मिळून केल्यास सोपे होते. संघ स्थापण्याचा हेतू तरी दुसरा कोणता? वार्षिक सभेत हा विषय चर्चेस घ्यावा, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे.

भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी आपण नव्या वह्यांचे पूजन करतो. त्या वहीच्या पहिल्या पानावर यंदा मनोमन दोन ओळी लिहाव्यात: ओला माल भरणार नाही, आणि दिवस असता, घरचे अन्न, बसून खाईन. पहिलीने गिऱ्हाइकाचे घर सुखी राहील, दुसरीने आपले.

लेखात काही न्यून असल्यास सुज्ञ वाचकांनी सांभाळून घ्यावे. सर्वांस जय जिनेंद्र.